बदनाम साक्षीदार आणि मौनी पत्रकार

१४ फेब्रुवारी २००५ रोजी होसे कॅन्सेको या निवृत्त बेसबॉलपटूचे ‘जूस्ड’ हे आत्मकथन अमेरिकेतील दुकानांत पोचले, तोवर त्यातला मजकूर शिळा झाला होता. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने तो आधीच फोडला होता आणि आदल्या रात्री ‘सिक्स्टी मिनिट्स’वर माइक वॉलेस यांनी लेखकाची मुलाखतही घेतली होती. आपण वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेतली, इतरांना घ्यायला शिकवली आणि मार्क मॅग्वायरबरोबर तर संघाच्या स्वच्छतागृहात सुया टोचून घेतल्या, असे कॅन्सेको सांगत होता. राफाएल पाल्मेरो, जेसन जिआम्बी, हुआन गोन्झालेस, इव्हान रॉड्रिगेझ अशी बडी नावे त्याने बिनदिक्कत घेतली होती. पुढचे काही आठवडे वृत्तपत्रांनी कसून चौकशी केली. ती कॅन्सेकोची.

त्याला पैशांची चणचण आहे, तो सूडाने पेटला आहे, त्याचे घटस्फोट, त्याच्या अटका, सनसनाटी पुस्तके काढणारी त्याची प्रकाशिका ज्युडिथ रीगन, सगळे छापून आले. ते बहुतेक खरेही होते. एका सराव सामन्यात दुसऱ्या बेसवर उभे असताना प्रतिस्पर्धी खेळाडूशी स्टेरॉइडविषयी बोलणे झाले, असा प्रसंग पुस्तकात होता. वार्ताहरांनी जुनी धावपत्रके काढली आणि कॅन्सेको त्या संघाविरुद्धच्या सराव सामन्यांत दुसऱ्या बेसपर्यंत पोचलाच नव्हता, हे दाखवून दिले. काम चोख होते. पण दप्तर उघडून तारखा ताडण्याची हीच चिकाटी आधीच्या सतरा वर्षांत कोठे होती?

सतरा हा आकडा उगाच घेतलेला नाही. १९८८ च्या सप्टेंबरात सोल ऑलिंपिकमध्ये धावपटू बेन जॉन्सन स्टेरॉइड घेतल्याबद्दल पकडला गेला. त्याच सुमारास ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे थॉमस बॉसवेल दूरचित्रवाणीवर म्हणाले की, स्टेरॉइडच्या बळावर मोठा झालेला बेसबॉलमधला सर्वांत ठळक खेळाडू म्हणजे कॅन्सेको. क्युबात जन्मलेला, मायामीत वाढलेला हा तरुण त्या मोसमात ४२ होमरन आणि ४० बेसचोऱ्या करून एकाच वर्षात दोन्हींत चाळिशी गाठणारा पहिला खेळाडू ठरला होता. काही दिवसांनी बॉस्टनच्या मैदानात प्रेक्षक ‘स्टेरॉइड’ असा गजर करू लागले, तर या पठ्ठ्याने त्यांना दंड फुगवून दाखवले. म्हणजे गॅलरीतल्या माणसाला जे ठाऊक होते, ते ड्रेसिंग रूममध्ये रोज उठबस असणाऱ्या पत्रकारांना ठाऊक नव्हते असे मानायचे. कॅन्सेकोने इन्कार केला, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्यालाच मिळाला आणि विषय मिटला. १९९१ मध्ये बेसबॉलचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी स्टेरॉइड निषिद्ध असल्याचे पत्रक सगळ्या संघांना धाडले. चाचणीच नव्हती, त्यामुळे ते कागदावरच राहिले.

१९९४ चा खेळाडूंचा संप बेसबॉलच्या जिव्हारी लागला. त्या वर्षीची अजिंक्यपदाची वर्ल्ड सीरिज रद्द झाली, प्रेक्षक रुसला. तो परतला १९९८ च्या उन्हाळ्यात. रॉजर मॅरिसचा १९६१ चा ६१ होमरनांचा विक्रम मोडायला मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यात शर्यत लागली होती. मॅग्वायरने ७० मारले, सोसाने ६६. वृत्तपत्रांनी आठ-आठ कॉलमांत आरत्या ओवाळल्या आणि ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने दोघांना वर्षाचे मानकरी ठरवले. त्याच ऑगस्टमध्ये ‘असोसिएटेड प्रेस’चे स्टीव्ह विल्स्टीन मॅग्वायरच्या लॉकरपाशी इतर वार्ताहरांच्या घोळक्यात उभे होते. समोरच्या फळीवर त्यांना एक बाटली दिसली. तिच्यावरचे नाव त्यांनी टिपून घेतले, ते काय आहे हे डॉक्टरांना विचारले आणि बातमी दिली. बाटलीत अँड्रोस्टेनडायोन होते. ते तेव्हा औषधांच्या दुकानात उघड मिळे आणि बेसबॉलमध्ये त्यावर बंदीही नव्हती. ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र होती.

यानंतर जे घडले, ते पत्रकारितेच्या वर्गात शिकवावे असे आहे. मॅग्वायरच्या सेंट लुईस संघाचे व्यवस्थापक टोनी ला रुसा भडकले, ‘असोसिएटेड प्रेस’च्या वार्ताहरांना आत येऊ देऊ नये अशी भाषा सुरू झाली. हे अपेक्षितच होते. पण विल्स्टीन यांच्यावर तुटून पडले ते त्यांचेच व्यवसायबंधू. दुसऱ्याच्या कपाटात डोकावणे हा म्हणे असभ्यपणा! बाटली सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याची सवय झालेल्यांना कळसा दाखवणाराच नडला.

ही खोड स्टेरॉइडपेक्षा जुनी आहे. १९१९ ची वर्ल्ड सीरिज शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे घेऊन हरल्याचा संशय ह्यू फुलर्टन या ज्येष्ठ वार्ताहराला आला. त्याने त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका पत्रात उघड प्रश्न विचारले, तेव्हा ‘स्पोर्टिंग न्यूज’सह बेसबॉलच्या मुखपत्रांनी त्याची टर उडवली. पुढच्याच वर्षी खेळाडूंनी कबुली दिली. १९७० मध्ये जिम बाउटन या पिचरने ‘बॉल फोर’ ही आपल्या १९६९ च्या मोसमाची रोजनिशी प्रसिद्ध केली. त्यात मिकी मँटलचे पिणे होते, खेळाडूंचे चाळे होते आणि सामन्याआधी सर्रास गिळल्या जाणाऱ्या अँफेटामिनच्या हिरव्या गोळ्याही होत्या. आयुक्त बोवी कून यांनी बाउटनला बोलावून घेतले आणि पुस्तक काल्पनिक असल्याच्या निवेदनावर सही मागितली. त्याने दिली नाही. डिक यंग या नामांकित स्तंभलेखकाने त्याला समाजातून वाळीत टाकण्याजोगा ठरवले. मँटलच्या दारूवर महिनोन्‌महिने खल झाला. गोळ्यांमागे कोणी लागले नाही. त्यांची चाचणी बेसबॉलमध्ये सुरू व्हायला २००६ साल उजाडले!

याचे कारण पत्रकारांच्या नीतिमत्तेपेक्षा त्यांच्या पोटापाण्यात शोधावे लागेल. कित्येक दशके वार्ताहरांचा प्रवास आणि मुक्काम संघांच्याच खर्चाने होत असे. ती प्रथा गेली, तरी ड्रेसिंग रूमचे दार उघडे राहण्यावर नोकरी अवलंबून राहिली. ज्याच्याशी उद्या पुन्हा बोलायचे आहे, त्याच्या बाटलीवरचे नाव आज वाचायचे नसते. खेळाडू, मालक, संघटना आणि पत्रकार यांची ही अळीमिळी गुपचिळी मोडायची, तर ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही उरलेले नाही असा माणूसच लागतो. असा माणूस बहुधा सज्जन नसतो.

कॅन्सेको सज्जन नव्हताच. त्याच्या पुस्तकात पश्चात्ताप नाही. नीट घेतली तर स्टेरॉइड हिताचीच, अशी त्यात चक्क जाहिरात आहे, आणि टीकाकारांनी आधी तिच्यावर तुटून पडायला हवे होते. गोऱ्या मॅग्वायरला प्रसारमाध्यमे जपतात, आपल्याला लॅटिन म्हणून झोडपतात, हा त्याचा आरोपही कोणी धड तपासला नाही. सोयीचा म्हणून उडवून लावला गेला. आपल्या न्यायालयांत माफीच्या साक्षीदाराबाबत जुना दंडक आहे. तो स्वतः गुन्ह्यात सामील असतो, म्हणून त्याच्या शब्दाला महत्त्वाच्या मुद्द्यांवर स्वतंत्र पुष्टी शोधावी. पण तो गुन्हेगार आहे एवढ्यावरून साक्ष फेकून देऊ नये. अमेरिकी क्रीडापत्रकारांनी दंडकाचा फक्त पहिला शब्द वाचला.

पुष्टी मग आपल्या पावलांनी चालत आली. १७ मार्च २००५ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर मॅग्वायर म्हणाला, मी भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही. पाल्मेरोने समितीकडे बोट रोखून ठासून इन्कार केला आणि १ ऑगस्टला त्याच्यावर दहा दिवसांची बंदी आली. त्याच्या शरीरात सापडले ते स्टॅनोझोलोल, बेन जॉन्सनचेच औषध. १३ डिसेंबर २००७ ला माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा बेसबॉलमधल्या स्टेरॉइडविषयीचा ४०९ पानी अहवाल आला आणि त्यात ८९ खेळाडूंची नावे होती. तो वृत्तपत्रांनी दस्तऐवज म्हणून मानाने छापला. त्यातल्या मोठ्या भागाचा आधार होता कर्क रॅडोम्स्की, म्हणजे गुन्हा कबूल करून तपासाला मदत करणारा, न्यूयॉर्क मेट्स संघाच्या ड्रेसिंग रूममधला जुना नोकर. साक्षीदाराची जात तीच, बांधणी तेवढी वेगळी. जानेवारी २०१० मध्ये मॅग्वायरनेही कबुली दिली. याचा अर्थ कॅन्सेकोचे प्रत्येक विधान खरे ठरले असा नव्हे. त्याने घेतलेली काही नावे आजही सिद्ध झालेली नाहीत आणि त्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

बदनाम साक्षीदाराचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यालाही पडून गेला आहे. १९९७ मध्ये माजी क्रिकेटपटू मनोज प्रभाकरने ‘आउटलुक’मधून सामनेनिश्चितीचा आरोप केला, तेव्हा क्रिकेट मंडळाने चौकशी सोपवली ती माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे. त्यांना काही आढळले नाही. २००० साली दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे सामनेनिश्चितीचे संभाषण उघड केले आणि मग सीबीआयच्या तपासात प्रभाकर स्वतःच अडकला. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली, सहकाऱ्यावरचा त्याचा मुख्य आरोप सिद्ध झाला नाही, पण रोग मात्र होता. तेव्हा अशा माणसाला डोक्यावर घेणे जितके धोक्याचे, तितकेच त्याच्या चारित्र्यावर स्तंभ लिहून मोकळे होणे.

बेसबॉलच्या सन्मानदालनात कोणाला घ्यायचे, हे पत्रकारांची संघटना मतदानाने ठरवते. दहा वर्षांची सदस्यता असलेल्यांना मत असते. १९९८ च्या आरत्या लिहिणारेही त्यात होतेच. २००७ मध्ये ५४५ मतपत्रिकांपैकी मॅग्वायरला १२८ मते मिळाली, कॅन्सेकोला सहा. दोघांनाही बाहेर ठेवण्यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. पण एकेकाळी दोघांचेही व्यवस्थापक राहिलेले ला रुसा २०१४ साली त्या दालनात दाखल झाले आणि तेव्हाचे आयुक्त बड सेलिग २०१७ साली. त्यांची निवड वेगळ्या समित्यांनी केली. स्वतःच्या १९९८ च्या अंकांची चौकशी करणारी समिती मात्र या पत्रकार संघटनेने कधी नेमली नाही.