लहानपणीं काय मिळालें नाहीं?

जांब समर्थ हें गांव 1608 सालीं तेथें जन्मलेल्या रामदासांमुळें सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा बाप लवकर वारला व बाराव्या वर्षीं ते बोहल्यावरून पळाले, असें परंपरा सांगते. या कथा घरोघर सांगतात. पण त्याच गांवच्या कुणब्याच्या, कुंभाराच्या, मजुराच्या पोराला लहानपणीं काय मिळालें नाहीं, याची चौकशी कोण करतो? आम्ही ती करतों. कारण जें लहानपणीं मिळत नाहीं, तेंच माणूस जन्मभर धुंडाळतो.

भीमराव आंबेडकरांना शाळेंत घरून नेलेल्या तरटावर वेगळें बसावें लागे. शिपायानें तोटी सोडली तरच पाणी मिळे. त्यांनींच 20 मार्च 1927 रोजीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तें एकट्यासाठीं नव्हे. परटाच्या घरच्या डेबूजीचा बाप दारूनें गेला. पोर मामाच्या घरीं गुरें राखीत वाढलें. तेच गाडगेबाबा. त्यांनीं पंढरपूर, नाशिक येथें धर्मशाळा बांधल्या आणि कीर्तनांतून मुलें शिकवा म्हणून कंठशोष केला.

मग उपासमार चांगली म्हणावी काय? मुळींच नाहीं! तसें असतें तर घरोघर आंबेडकर निपजते. भीमरावांच्या उणिवेला घरच्यांचा आधार होता, पुढें 1913 मध्यें सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली. जिला असा हात मिळत नाहीं, ती उणीव भलतीकडे वळते. परक्याच्या लग्नांत शेवटच्या पंगतीला बसलेलें पोर मोठेपणीं रान गहाण टाकून गांवजेवण घालतें. आम्ही त्याला हंसत नाहीं. तो पाहुण्यांना नव्हे, आपल्या लहानपणच्या भुकेला जेवूं घालीत असतो. पण त्याचें कर्ज फेडतां फेडतां त्याचीं मुलें तशींच उणीं राहतात.

बांधवांनो, दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयता उसाच्या फडावर निघतो, तेव्हां पोर बरोबर जातें आणि शाळा मागें राहते. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्यानें दिला आहे. तो मागा. गांवांत हंगामी वसतिगृहाची सोय मागा. लग्नाची एक पंगत कमी करा, तो पैसा मुलीच्या शिक्षणाला लावा.

आमच्या लहानपणीं जें मिळालें नाहीं, तें मुलांच्या ताटांत आणि पाटीवर पडूं द्या. आमची भूक फिटण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.