क्रॅनबेरी पाण्यात पिकते का?

दिवाळीला भेट येणाऱ्या सुक्या मेव्याच्या डब्यात हल्ली काजू-बदामांशेजारी लाल, चिकट, आंबटगोड क्रॅनबेरीही दिसते. तिच्या काढणीचे व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील. सगळं तळं लालभडक आणि त्यात रबरी पोशाख घालून कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं! पाहणाऱ्याला वाटतं, हे फळ शिंगाड्यासारखं पाण्यातच वाढत असणार.

तसं नाही. क्रॅनबेरी ही उत्तर अमेरिकेतली, जमिनीलगत पसरणारी वेल. तिला आम्लधर्मी, दलदलीची जमीन लागते आणि वर वाळूचा थर असला तर ती जोमाने वाढते. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडला हेन्री हॉल नावाच्या शेतकऱ्याने हे 1816 च्या सुमारास हेरलं. वाऱ्याने वाळू उडून वेलींवर पडली, तिथे त्या जास्त फोफावल्या होत्या. तिथून या पिकाची लागवड सुरू झाली. आज अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक एकट्या विस्कॉन्सिन राज्यात येतं.

काढणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. तिच्या दोन पद्धती आहेत. ओल्या पद्धतीत शेतात पाणी सोडतात, मग यंत्राने पाणी घुसळून फळं वेलीपासून सुटी करतात. फळाच्या आत हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे ती वर तरंगतात. पुन्हा पाणी वाढवायचं, तरंगत्या पट्ट्याने वेढा घालून फळं एका कोपऱ्यात आणायची आणि पंपाने खेचून ट्रकमध्ये भरायची. काम झटपट होतं, पण भिजलेलं फळ ताजं फार दिवस टिकत नाही. म्हणून हा माल रस, सॉस आणि सुकवण्यासाठी कारखान्यात जातो. बहुतेक सगळं पीक असंच निघतं.

ताजी विकायची फळं कोरड्या शेतातून, फणीसारखे दात असलेल्या यंत्राने काढतात. यात वेळ जातो, काही फळं वेलीवरच राहतात, म्हणून हा वाटा फार थोडा. या फळांची निवड मोठी गमतीची असते. फळ लाकडी फळीवर टाकायचं. टणक, चांगलं फळ उडी मारून पलीकडे जातं, मऊ पडलेलं तिथेच खाली राहतं. ही उडीसुद्धा त्या हवेच्या कप्प्यांचीच करामत!

आता आपल्या डब्यातल्या क्रॅनबेरीकडे वळू. ताजं फळ इतकं आंबट-तुरट असतं की नुसतं खाववत नाही. त्यामुळे फळं कापून बराचसा रस काढून घेतात, उरलेली फळं साखरेच्या पाकात मुरवतात, मग सुकवतात. एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वर किंचित तेल लावतात. आपला मुरंबा आठवा, तोच मार्ग. फरक एवढाच, की मुरंबा आपण गोड पदार्थ म्हणून चमचाभर खातो आणि क्रॅनबेरी मात्र 'हेल्दी' म्हणून मूठभर.

बेदाण्यातली गोडी द्राक्षाची स्वतःची असते, क्रॅनबेरीतली बहुतेक गोडी बाहेरून घातलेली. पुढच्या वेळी पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. जे जास्त वजनाचं, ते यादीत आधी लिहिलेलं असतं. साखर कितव्या नंबरावर आहे ते बघा, आणि साखरेऐवजी सफरचंदाच्या रसाने गोड केली असेल तरी गोडी ती गोडीच.

आणखी एक. काही पाकिटांवर 'इंडियन क्रॅनबेरी' असं लिहिलेलं असतं, ते बहुधा करवंद असतं. दोघींचं कूळ वेगळं. करवंद आपलं, चांगलंच आहे, त्याला उसन्या नावाची काय गरज? आजीला विचारा, करवंदाच्या लोणच्याची चव ती नावासकट सांगेल.

क्रॅनबेरी खाऊ नका असं मुळीच नाही. चिवड्यात चार टाका, मजा येते. फक्त मेवा समजून नव्हे, मिठाई समजून खा.