पावडर नको, सावली हवी

विद्यार्थिमित्रांनो, आजऱ्यात काय किंवा अन्यत्र काय, दहावीच्या निरोपाला पटांगणात वर्गाचा फोटो निघतो. गणवेशाला इस्त्री करा, केस नीट विंचरा, ते योग्यच. पण चेहऱ्यावर पावडरीचा थर कशासाठी? फोटोत चेहरा काळवंडतो तो कातडीच्या दोषाने नव्हे. दुपारी सूर्य उंच असतो, म्हणून भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. शिवाय पांढरे सदरे पुष्कळ प्रकाश परावर्तित करतात. कॅमेरा तो प्रकाश मोजून सारे चित्र मध्यम करड्या छटेकडे आणतो आणि चेहरे अंधारतात. तेव्हा सकाळच्या कोवळ्या उन्हात, नाहीतर कवडसे नसलेल्या दाट सावलीत उभे राहा. उपाय प्रकाशावर करा; स्वतःच्या रंगाची लाज बाळगू नका.