घाटाला दोष देण्याआधी

मंडळी, परवा रविवारी धाकट्या भावाचा नातू टेमघरला आला होता. आमच्या घरातली जुनी प्रीमियर पद्मिनी आता त्याच्या ताब्यात आहे. पोराने हौसेने रंग काढला, सीटा शिवून घेतल्या, आणि येत्या मे महिन्यात आजोबांना त्याच गाडीतून नाशिकला न्यायचं ठरवलंय. निघता निघता म्हणाला, "मोठे आजोबा, मिस्त्री म्हणतोय थर्मोस्टॅट काढूनच टाकू. म्हणजे कसारा घाटात गाडी तापायची कटकट नको."

मी म्हटलं, काढू नकोस. तो काही बोलला नाही, पण मराठी शिकवणाऱ्या मास्तरांना इंजिनातलं काय कळतंय, हे चेहऱ्यावर दिसतच होतं. आता सत्तरी ओलांडलेल्या माणसाने रस्त्यात उभं राहून किती समजावणार! म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं एक छोटं दार. इंजिन थंड असताना ते बंद राहतं, पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलं की उघडतं. घाटात गाडी तापते तेव्हा ते दार आधीच सताड उघडं असतं. मग उघडं दार काढून मिळवायचं काय? ते अडकून बसलं असेल तर नवीन घाला. स्वस्तातली वस्तू आहे. तपासायचं असेल तर गरम पाण्याच्या पातेल्यात सोडा, उघडताना डोळ्यांनी दिसतं. काढून टाकलं तर मात्र इंजिनाला हवी ती ऊब यायला फार वेळ लागतो आणि आतल्या भागांची झीज वाढते.

माझं स्पष्ट मत असं की गाडी घाटात तापली असं आपण म्हणतो खरं, पण तिचं दुखणं घरीच सुरू झालेलं असतं. घाट ते फक्त उघडं पाडतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

१९८९ चा मे महिना. बहिणीच्या मुलाची नाशिकला मुंज. आम्ही दोघे भाऊ म्हणजे मुलाचे मामा. गाडीत सहा माणसं, वर कॅरियरवर सामान. कसाऱ्याहून चढायला लागलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. १०८९ सी.सी.चं इंजिन ते, दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेलं. इंजिन जोरात फिरतंय, पण गाडीचा वेग नाही, म्हणजे समोरून वारा नाही. अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ आली. भावाने गाडी कडेला घेतली.

आणि मी त्याला म्हणालो, "झाकण उघड, पाणी घालू."

रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं. ते आतला दाब धरून ठेवतं, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी एका क्षणात उसळतं. भावाने फडकं धरून झाकण फिरवलं आणि उकळत्या पाण्याचा कारंजा त्याच्या उजव्या हातावर आला. तळव्यापासून कोपरापर्यंत. इगतपुरीला मलमपट्टी करून आम्ही नाशिकला पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. पुढे जन्मभर त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तो डाग अजून आहे.

नंतर मिस्त्रीने गाडी उघडली. हेड गॅस्केट उडालेलं, हेड वाकलेलं. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून जास्त तापलं की आधी हेडच वाकतं. पण खरी कारणं पुढेच होती. फॅनबेल्ट ढिला आणि झिजून चकचकीत झालेला. पद्मिनीत हाच पट्टा पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो, तो घसरला की दोन्ही मंदावतात. रेडिएटरच्या बऱ्याच नळ्या क्षाराने बुजलेल्या. आणि बाहेरच्या जाळीत कापसाचं तूस गच्च बसलेलं! भिवंडीत यंत्रमागांच्या गल्लीतून रोज जाणारी गाडी, दुसरं काय होणार?

यातली एकही गोष्ट त्या दिवशी घडलेली नव्हती. त्याआधी दोन महिने आम्ही रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालत होतो. बंद यंत्रणेतलं पाणी जातंय कुठे, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. रोज पाणी घालायची आम्हाला सवयच लागली होती. असो.

पाण्याचंही ऐका. आपलं टेमघर पाण्याचं गाव. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलून इथे शुद्ध करतात आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पाठवतात. 'स्टेम' हे नावच शहाड आणि टेमघर यांवरून आलेलं आहे. आणि अशा गावात राहून आम्ही गाडीत वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी ओतत होतो! गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनात आणि रेडिएटरमध्ये बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी, हे मिश्रण गंज रोखतं आणि उशिरा उकळतं. जुन्या गाडीत ते भरण्याआधी रेडिएटर आतून नीट धुऊन घ्यावा, बाहेरची जाळी इंजिनाच्या बाजूने पाणी मारून साफ करावी.

हे फक्त आपल्या फियाटचंच आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या पुतण्याकडे साठच्या दशकातली मस्टँग आहे. आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन, तिकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. तीही तापायची. त्याने मोठा रेडिएटर आणून बसवला, तरी तापतेच. शेवटी सापडलं काय, तर रेडिएटरच्या खालचा रबरी पाइप जुना होऊन मऊ पडलेला. इंजिन जोरात फिरलं की पंपाच्या ओढीने तो चिमटायचा आणि पाणी अडायचं. साधा पाइप बदलला आणि गाडी शांत झाली.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या हौसेच्या गाड्या. हौसेच्या माणसाला रंग आणि क्रोम आधी दिसतो, पाइप आणि पट्टा शेवटी. माझी तक्रार आहे ती इथेच.

तेव्हा बाळा, थर्मोस्टॅट राहू दे. पट्टा, दोन्ही पाइप, झाकण आणि पंप बघून घे. इग्निशनचं टायमिंग तपास, तेही मागे गेलं की इंजिन तापतं. महिनाभर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी बघ. कमी झाली तर नुसती भरू नकोस, कुठे जातंय ते शोध. घाटात काटा वर चढायला लागला तर वाफेची वाट न बघता कडेला थांब. बॉनेट उघड, झाकणाला मात्र हात लावू नकोस. अर्धा तास, लागलं तर तासभर, स्वस्थ बसा. मुहूर्त टळला तर टळू दे.

आणि तेवढ्या वेळात आजोबांना त्यांचा उजवा हात दाखवायला सांग. झाकण उघडायला कोणी सांगितलं होतं, तेही विचार. इतकी वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगायला माझी हरकत नाही.