हरणाऱ्याची मजुरी
आखाडा आणि पडदा : देवरीकर

किंगकाँग म्हटले की आजच्या पोराच्या डोळ्यांपुढे इमारतीवर चढलेला गोरिला येतो. त्याच्या आजोबाला विचारा. आजोबा म्हणतील, "दारासिंगनं आपटला तोच ना?" मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर होणाऱ्या फ्रीस्टाइल कुस्त्या आमच्या देवरीतून कोण बघायला जाणार? तरी ही दोन नावे नागपूर, भंडारा, साकोली करत इथवर पोहोचली, आणि जोडीनेच पोहोचली. पुढे त्यातले एक गळाले. आजही कोणी अंगात मस्ती आणली की आपण म्हणतो, "मोठा दारासिंग लागून गेला." किंगकाँग लागून गेला, असे कोणी म्हणत नाही.

आजचा स्तंभ त्या गळालेल्या नावासाठी.

त्याचे खरे नाव एमिल झाया. जन्म 1909 चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातला. स्वातंत्र्याच्या आधीच तो कुस्त्या करत हिंदुस्थानात येऊन पोहोचला आणि पुढचे बहुतेक आयुष्य त्याने आशियातच काढले. मुंबई, कलकत्ता, लाहोर, सिंगापूर, टोकियो, जिथे तंबू पडेल तिथे तो. दाढीवाला, पिंपासारख्या पोटाचा, जाहिरातीत वजन दोनशे किलोच्या आसपास. जाहिरातीतले वजन तिकीट खपवण्यासाठी असते, त्यामुळे त्यातले दहा-वीस किलो वजा करायला माझी हरकत नाही. पण फोटो बघितले की उरलेले खरे वाटते.

दारासिंग त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी लहान. अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचकचा शेतकऱ्याचा पोरगा. सिंगापूरला गेला, तिथे कारखान्यात काम करता करता कुस्ती शिकला आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला परत आला. 1954 साली रुस्तम-ए-हिंद झाला. देखणा, गोरा, कमरेला चड्डी आणि चेहऱ्यावर सज्जनपणा. अशा माणसाला मोठे करायचे तर त्याच्यापुढे कोण उभा करावा? दुसरा सज्जन उभा केला तर कुस्ती चांगली होईल, पण गावात दुसऱ्या दिवशी तिची गोष्ट कोणी सांगणार नाही. समोर दाढीवाला परदेशी धिप्पाड हवा. तो रेफ्रीला ढकलणार, दोराला लटकून वेळ काढणार, पब्लिककडे बघून मुठी दाखवणार, आणि आपल्या माणसाच्या डोळ्यांत बोटे घालणार. मग स्टेडियममधला बँकेतला कारकूनसुद्धा खुर्चीवर उभा राहून ओरडणार. त्या ओरडण्यासाठीच तो तिकीट काढतो.

रांचीच्या कुस्तीची कथा तर पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. दारासिंगने किंगकाँगला डोक्यावर उचलला, गरगर फिरवला आणि रिंगच्या बाहेर फेकला. ऐकणारा दारासिंगच्या दंडांवर फिदा होतो. मला त्यात दुसऱ्या माणसाचे काम दिसते. दोनशे किलोचे धूड स्वतःच्या मनात नसताना कोणाच्याही डोक्यावर जात नाही. त्याने नेमक्या क्षणी पायाने उसळी द्यावी लागते, वर गेल्यावर अंग ताठ धरावे लागते, आणि खाली येताना हनुवटी छातीशी दाबून पाठ सपाट टेकवावी लागते. मान वाकडी पडली की खेळ संपला. हे रोज रात्री करायचे, चाळिशी उलटल्यावर करायचे, आणि उठताना लंगडत, शिव्या खात बाहेर जायचे. दारासिंगची ताकद खरीच होती, त्यात वाद नाही. पण ती ताकद शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसली पाहिजे, ही जबाबदारी पडणाऱ्याची होती.

कोल्हापूरकडचे वाचक आता हसतील. म्हणतील, ही असली नुरा, म्हणजे आधीच ठरलेली, कुस्ती आम्हाला सांगू नका. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले ते खऱ्या कुस्तीसाठी. मान्य. पण खऱ्या कुस्तीचे आपण काय केले तेही मग बघू. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणले. ते जावेत म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांना स्वतःचे घर गहाण टाकावे लागले. खाशाबा 1984 साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार त्यांच्या मागे बऱ्याच वर्षांनी मिळाला आणि पद्म पुरस्कार तर नाहीच. आणि ते पदक आले त्याच दशकात ठरलेल्या कुस्त्यांची तिकिटे हजारोंनी खपत होती. पब्लिकला निकाल नको असतो, गोष्ट हवी असते, हे कडू आहे पण तसेच आहे. आणि गोष्टीत अर्धे काम खलनायकाचे असते, हे तर आपल्या कीर्तनकारालाही ठाऊक असते. रावण नीट उभा राहिला नाही तर रामकथेला कोण बसेल?

किंगकाँगच्या आयुष्यात मला सर्वांत जास्त रस वाटतो तो 1955 सालात. त्या वर्षी तो टोकियोला गेला आणि रिकिदोझान नावाच्या मल्लाकडून हरला. त्या विजयावर रिकिदोझान आशियाचा हेवीवेट विजेता ठरला. युद्धात हरलेल्या, अणुबाँब सोसलेल्या जपानला तेव्हा एक माणूस हवा होता, जो धिप्पाड गोऱ्या परदेश्यांना चोपेल. रिकिदोझान आदल्याच वर्षी कॅनडाच्या शार्प बंधूंशी लढला होता, तेव्हा रस्त्यावर मांडलेल्या टीव्हींपुढे गर्दी लोटली होती. गंमत अशी की हा जपानचा राष्ट्रवीर जन्माने कोरियन होता आणि ते झाकून ठेवले होते. इकडे आपणही नुकतेच इंग्रजांना घालवले होते. आपल्यालाही एक गोरा धटिंगण आपटलेला बघायचा होता.

म्हणजे एकच माणूस टोकियोत हरून जपानची मान ताठ करतो आणि आपल्याकडे हरून आपली. हंगेरीत जन्मलेल्या या माणसाचे इंग्रजांशी नाते ते काय? काही नाही. गोरा होता, एवढे पुरेसे होते. दोन देशांचा राग त्याने अंगावर घेतला आणि त्याची मजुरी घेऊन पुढच्या गावाला गेला. या दोन्ही देशांच्या इतिहासात त्याला एक ओळ तरी मिळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिनेमाने तर त्याचे नावच उचलले. 1962 साली बाबूभाई मिस्त्रींचा 'किंगकाँग' आला. त्यात नायक दारासिंग, नायिका कुमकुम. आणि गोरिला कुठेच नाही! त्या सिनेमाने दारासिंगला मोठ्या पडद्याचा नायक केले. तिथून तो पुढे रामायणातल्या हनुमानापर्यंत आणि राज्यसभेपर्यंत गेला. 1968 साली मुंबईत त्याने लू थेझ या नामांकित अमेरिकन मल्लाला हरवून जागतिक विजेतेपदही घेतले. एमिल झाया मात्र म्हाताऱ्या हाडांनिशी सिंगापूर-मलायाच्या बाजूला हिंडत राहिला आणि 1970 साली एका मोटार अपघातानंतर सिंगापूरला वारला.

या धंद्यात खलनायक व्हायला स्वभाव दुष्ट लागत नाही, समोरची गर्दी परकी लागते. पंजाबातला एक तरुण कॅनडाला गेला आणि टायगर जीत सिंग झाला. डोक्याला फेटा, तोंडात तलवार. 1973 साली त्याने टोकियोच्या शिंजुकू भागात, इसेतानच्या मोठ्या दुकानाबाहेर, बायकोबरोबर खरेदीला आलेल्या जपानी मल्ल अंतोनियो इनोकीवर भररस्त्यात हल्ला केला. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. जपानी आयांनी आपल्या लेकरांना या सरदारजीच्या नावाने भीती घातली असेल तर नवल नाही. आणि त्याच माणसाच्या नावाने आज कॅनडातल्या मिल्टन गावात प्राथमिक शाळा आहे, 2010 पासून. मुले रोज त्या नावाच्या पाटीखालून वर्गात जातात.

आपल्या खलीचेही तेच. 2006 साली त्याने डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीत पाऊल टाकले ते अंडरटेकरला बडवत, पक्का खलनायक म्हणून. तिकडे लोक हूऽ हूऽ करत होते आणि इकडे पानठेल्यावर टीव्हीपुढे पोरे टाळ्या पिटत होती. कुस्ती तीच, माणूस तोच, फक्त बघणारे बदलले. अंडरटेकर हा देवरीच्या शाळकरी पोरांचा लाडका. मल्लांच्या चित्रांच्या पत्त्यांत त्याच्या एका पत्त्यासाठी दप्तरातले चार पत्ते सुखाने देणारी पिढी आता चाळिशीत आहे. तो सात वेळा मेला होता, हे आमच्याकडे प्रत्येक पोराला पाठ. पण तोही 1990 साली आला तेव्हा खलनायकच होता, हे फार थोड्यांना माहीत. हे सगळे करमणूक आहे असे कंपनीने 1989 सालीच न्यू जर्सीच्या सरकारपुढे कबूल केले होते, कारण खेळ म्हटले की सरकारी नियम मागे लागत होते. ही बातमी आमच्यापर्यंत आली नाही तेच बरे झाले.

मराठी माणसाला हे सारे समजावून सांगायची खरे तर गरज नाही, आपल्याकडे निळूभाऊ फुले होऊन गेले. पडद्यावरचा हा सरपंच, हा कारखानदार इतका खरा वाटे की बायाबापड्या त्यांना समोर बघून बोटे मोडत. घरी तोच माणूस राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, चळवळींसाठी झोळी फिरवणारा. 'सिंहासन'मधला साधा पत्रकार दिगू टिपणीसही त्यांनीच केला. तरी लोकांनी शेवटपर्यंत डोक्यात धरला तो वाड्यावर बोलावणारा. निळूभाऊंनी त्याचे कधी वाईट वाटून घेतले असे दिसत नाही. लोक शिव्या घालतात म्हणजे काम वठले, असा हिशेब.

आता घरची गोष्ट. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात आणि मंडईच्या रात्री नाटक असते. जेवणे उरकून लोक पोरांसकट मंडपात येतात, घोंगडी पांघरून बसतात, आणि कोंबडा आरवेपर्यंत हलत नाहीत. या नाटकातला खलनायक मी जवळून बघत आलो आहे. दुसऱ्या अंकात तो जमीन बळकावतो, पोरीचा हात धरतो, म्हाताऱ्याला लाथ मारतो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आयाबाया त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. नायक दोन गाणी म्हणून, एक भाषण ठोकून मोकळा होतो. रात्री तीन वाजता पेंगणाऱ्या मंडपाला जागे ठेवायचे काम मात्र याच्या घशावर असते. माईकपासून लांब उभा राहून तो असा ओरडतो की मागे चहाच्या ठेल्यावरचा माणूसही वळून बघतो. पहाटे त्याचा घसा बसतो. संध्याकाळी दुसऱ्या गावी पुन्हा तेच.

आणि पत्रक हातात घ्या. नायिकेचा फोटो मोठा, नायकाचा मोठा, लावणीवालीचा त्याहून मोठा, विनोदी नटाचा डोळे वटारलेला. खलनायक कुठेतरी कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा. नाव असले तर असते. किंगकाँगच्या नावाने निदान पोस्टर तरी लागत होते.

गावोगावची मंडळे आता येत्या हंगामासाठी नाटक ठरवायला नाटक कंपन्यांच्या वडशाला जातील. नायिका कोण, लावणी कोणाची, बिदागी किती, हे तुम्ही विचारालच. खलनायक कोण आणि त्याला रात्रीचे किती मिळतात, हेही एकदा विचारा. आणि पत्रक छापायला टाकाल तेव्हा त्याचा फोटो नायकाएवढा घ्या. छपाईचा खर्च तेवढाच येतो.