खात्यापित्या घरचे लक्षण

आमच्या इंदुरात पाहुणा आला की त्याची सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि रात्र सराफ्यात सरते. दिवसा जेथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात, तेथेच पेढ्यांची दारे बंद झाली की ओट्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, थंडीतला गराडू, दहीवडे, थाळीएवढा जिलेबा यांचा दरवळ मध्यरात्र उलटली तरी विरत नाही. हे सारे आम्हांस प्रिय आहे, आणि त्याची निंदा करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. ती उचलावी लागली याचे कारण निराळे आहे.

गेल्या वर्षी कवायतीच्या तासाला आमच्या वर्गातील एक मित्र धावण्यात सर्वांच्या मागे राहिला. तो अंगाने स्थूल आहे. कोणीतरी त्याला एक नाव ठेवले आणि आम्ही सारे हसलो. पुढच्या आठवड्यापासून त्या तासाला तो पोटदुखीची चिठ्ठी आणू लागला, आणि वर्षअखेरपर्यंत मैदानात उतरला नाही. ज्याला मैदानाची सर्वांत अधिक गरज होती, त्यालाच आम्ही मैदानावरून हाकलून दिले. याच मित्राच्या घरी एकदा आम्ही फराळाला गेलो, तेव्हा त्याच्या गालाला हात लावून एक वडीलधाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "खात्यापित्या घरचा आहे हो!" शाळेत हेटाळणी आणि घरी कौतुक! या दोहोंपैकी कशानेही त्याचे कल्याण झाले नाही. स्थूलतेविषयी आपला समाज कसा विचार करतो, हे या दोन प्रसंगांत पुरेपूर आले आहे, असे आम्हांस वाटते.

स्थूलता म्हणजे खादाडपणा व आळस यांचे फळ, असे म्हणून अनेक जण मोकळे होतात. दुसरे काही जण सारा दोष पाश्चात्त्यांच्या पिझ्झा-बर्गरवर ढकलतात. आमच्या मते दोन्ही पक्ष अर्धेच सत्य सांगतात. आपल्या काही जुन्या चालीरीती आणि आपले नवे राहणीमान यांची गाठ पडली, तेथे या विकाराचे मूळ आहे.

जुन्या चालीरीती निर्माण झाल्या त्या टंचाईच्या काळात. विक्रम संवत 1956 मध्ये, म्हणजे इ. स. 1899-1900 साली, माळवा, गुजरात व राजपुताना या प्रदेशांत भीषण दुष्काळ पडला. 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून आमच्या आजोबांनी त्यांच्या आजोबांच्या तोंडून त्याच्या हकिगती ऐकल्या होत्या. ज्या पिढ्यांनी असे दिवस पाहिले, त्यांना गुटगुटीत मूल हे ईश्वराचे देणे वाटावे, पानात टाकलेले अन्न पाप वाटावे आणि पंगतीत आग्रह न करणे हा पाहुण्याचा अपमान वाटावा, यात नवल ते काय? आज त्याच इंदुरात 'छप्पन' म्हटले की छप्पन दुकान ही खाद्यपेठ आठवते. आकडा तोच राहिला, काळ मात्र पार पालटला. आग्रहाची रीत तेवढी पालटली नाही. पोट भरलेल्या माणसासही आपण उपाशी समजून वाढत आहोत. उपवासाच्या दिवशीही तूप-साखरेची, साबुदाण्याची व तळणाची अशी काही रेलचेल असते की 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण कोणाला सुचली, हे सांगावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल की पूर्वीही लोक तुपाची धार घेत होते, पुरणपोळी खात होते. होय, खात होते. परंतु ते अन्न पचविणारे श्रमही होते. आमचे आजोबा येथल्या एका कापडगिरणीत कामाला होते. ते रोज सायकलीने जात-येत आणि पाळीभर उभे राहून काम करीत. आजी पाट्यावर वाटण वाटीत असे व विहिरीचे पाणी ओढीत असे. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली. इतर गिरण्यांचे भोंगेही थांबले. आज बाबा संगणकापुढे बसून काम करतात, आई यंत्राने वाटते, आणि आम्ही अर्ध्या मैलावरच्या शाळेत स्कूटरवरून येतो. संध्याकाळचे मैदान मोबाइलच्या पडद्याने गिळले, आणि रात्रीच्या जागरणाने झोप हिरावली. झोप अपुरी झाली की भूक वाढते, हेही आता शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले आहे. हिशेब सरळ आहे. एक ग्रॅम पिष्ट वा शर्करा पदार्थापासून सुमारे 4 किलोकॅलरी आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे 9 किलोकॅलरी उष्णता मिळते. ती खर्ची पडली नाही की शरीर तिचा मेद करून साठवून ठेवते. जमा वाढली आणि खर्च घटला, तर पेढीचा फायदा होईल. देहाचा होत नाही.

हे ज्ञान आपल्याला नवीन आहे, असेही नाही. चरकसंहितेतील 'अष्टौनिंदितीय' अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विचार केलेला असून, अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थांचे अतिसेवन, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप ही स्थूलतेची कारणे सांगितली आहेत. संस्कृतीचा अभिमान बाळगताना ग्रंथातील हे पान आपण सोयीस्करपणे मिटून ठेवतो!

प्रश्न किती मोठा आहे, हे आकडेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वर्षे वयाच्या अतिवजनी वा स्थूल स्त्रियांचे प्रमाण 2015-16 मध्ये 20.6 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 24 टक्के झाले. पुरुषांतही ते सुमारे 19 वरून 22.9 टक्क्यांवर गेले. भारतीयांच्या बाबतीत तर काट्यावरचे वजनही फसवे ठरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची व आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते; परंतु इंग्रज गृहस्थाच्या शरीरात मेदाचे प्रमाण 9.1 टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात ते 21.2 टक्के भरले. म्हणजे दिसण्यात सडपातळ असलेल्या आपल्या माणसाच्या अंगीही मेद लपून बसलेला असतो, आणि तो बहुधा पोटाभोवती साठून मधुमेहाला वाट करून देतो. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 व स्त्रियांना 80 सेंटीमीटर अशी कमी मानली जाते. तेव्हा आमच्या मित्रास हसणाऱ्या आम्हां 'सडपातळां'नी स्वतःस निर्धास्त समजण्याचे कारण नाही.

मग करावे काय? सराफा बंद करावा, सण सोडावेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सणाचे पक्वान्न सणाला गोड लागते. ते रोजचे झाले की सणही उरत नाही व आरोग्यही उरत नाही. आमची पहिली विनंती घरच्या माउल्यांना आहे. पाहुण्यास "आणखी घ्या" असा आग्रह एकदा करावा. त्याने नको म्हटले की त्या नकाराचाही मान राखावा. मुलास पानात टाकू नको असे शिकविताना, आधी पानात थोडे घे, हेही शिकवावे. दुसरी विनंती गुरुजनांना आहे. परीक्षा जवळ आली की कवायतीचा तास गणिताला दिला जातो. तो कृपा करून देऊ नये. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी 60 मिनिटे तरी चांगला घाम निघेल असे खेळावे-धावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेच्या आवारात व फाटकापासून 50 मीटरच्या आत अति तेल, साखर व मीठ असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा नियम 2020 साली झालेला आहे. तो कागदावर राहू नये, हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे.

तिसरी विनंती आमची आम्हांलाच आहे, आणि ती सर्वांत अवघड आहे. कोणाच्याही शरीरास हसावयाचे नाही. हसण्याने मेद झडत नाही. माणूस मात्र दुरावतो. चालण्यास सोबती लागतो, खेळण्यास गडी लागतात. यंदा शाळा सुरू झाली तेव्हा आम्ही तिघे त्या मित्राच्या घरी गेलो, झाल्या गोष्टीची क्षमा मागितली आणि उद्यापासून शाळेत पायी येशील का, असे विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो दप्तर घेऊन कोपऱ्यावर उभा होता. तेव्हापासून आम्ही चौघे पायीच शाळेत येतो. त्याचे वजन किती उतरले हे आम्ही विचारीत नाही. पण कवायतीच्या तासाला आता पोटदुखीची चिठ्ठी येत नाही.

अन्नास पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजाने अन्नाचा मान राखावा, तसाच देहाचाही राखावा. पूर्वी खात्यापित्या घरचे लक्षण भरलेले अंग हे होते. यापुढे चपळ पाऊल, गाढ झोप आणि मोजके पान हीच खात्यापित्या घरची लक्षणे ठरावीत, एवढीच आमची इच्छा आहे.