वय झालं म्हणजे काय झालं?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त झालं आमच्या गाडीचं. पण खरं सांगायचं तर विषय गाडीचा नाहीच. थोडा धीर धरा, येतो मुद्द्यावर.

मे 2024. चिपळूणहून पुण्याला परत येत होतो. गाडीत मी, बायको, आई, दोन पेट्या आंबे, तांदळाचं पोतं आणि एक फणस (कोकणातून रिकाम्या हाताने कोण येतं?). पोफळी मागे टाकली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या वळणावर गाडीने दम टाकला. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी ढिम्म. मागे एसटी, तिच्यामागे ट्रकांची रांग आणि हॉर्नचा कल्लोळ. कशीबशी बाजूला घेतली. दहा मिनिटं थांबलो, पुन्हा सुरू केली तर काही झालंच नाही अशा थाटात पळाली. तीन वळणांनंतर पुन्हा तेच.

आई मागून हळूच म्हणाली, "अरे, माझ्यामुळेच जड झाली असेल. पुढच्या वेळी मला नको आणूस."

आईचं वजन 46 किलो. फणसाला मात्र कुणी काही बोललं नाही!

पुण्यात आल्यावर गाडी गॅरेजात दिली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला. "साहेब, 2011 चं मॉडेल आहे, वय झालं. आता घाटात एवढंच चालणार." तरी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. बिल 6,200 रुपये. सिंहगडाच्या चढावर नेऊन पाहिली, फरक शून्य. मग म्हणाला, क्लच प्लेट टाकू. सोसायटीतल्या जाणकारांनी इथेनॉलवर बोट ठेवलं. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. प्रश्न मात्र एकानेही विचारला नव्हता.

तो विचारला आमच्या जुन्या वाड्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. हातातला चहा खाली ठेवत म्हणाले, "कधी होतं ते सांगा."

मी सगळं सांगितलं.

"घाटात इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र तिथेच राहते, असं होतं?"

"नाही, आवाजही बसतो."

"मग क्लच नाही. क्लच घसरला तर इंजिन ओरडतं, चाकांपर्यंत ताकद पोचत नाही. तुमचं इंजिनच ताकद काढत नाहीये. थांबल्यावर बरी होते?"

"हो, दहा मिनिटांनी."

"मग इथेनॉलही नाही. त्याने ॲव्हरेज थोडं घटेल, पण ते सगळीकडे घटेल. दहा मिनिटं विसावा घेतला म्हणून पेट्रोल काही बदलत नाही."

किती साधा विचार आहे पाहा! सपाट रस्त्यावर इंजिनला थोडी हवा आणि थोडं पेट्रोल पुरतं. चढावर ओझं वाढतं, दोन्ही जास्त लागतात. कुठेतरी गळा आवळलेला असेल तर तो कळतो तिथेच. हवा अडते, पेट्रोल अडतं, ठिणगी कमी पडते किंवा सायलेन्सरकडचा धूर बाहेर पडायला अडतो. एअर फिल्टर आणि प्लग नवेच होते. धुराची वाट तुंबली असती तर ती दहा मिनिटांत मोकळी झाली नसती. उरलं पेट्रोल.

त्यांनी पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज जोडला, नळी नीट आवळून गेज काचेवर दिसेल असा बांधला आणि आम्ही बोपदेव घाटात गेलो. (हे घरी करून बघायचं काम नव्हे. दाबाखालचं पेट्रोल गरम इंजिनवर उडालं तर काय होईल ते सांगायला नको.) उभ्या गाडीत काटा 3 बारवर ठाम. चढावर जोर दिला, थोडा वेळ गेला, आणि काटा उतरत उतरत दीडवर आला. त्याच क्षणी गाडी बसली. मला अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली.

टाकी उतरवली. आतल्या पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी तपकिरी गाळाने माखलेली. पंप जोरात ओढू लागला की गाळ जाळीला चिकटायचा. गाडी बंद केली की ओढ थांबायची, गाळ सुटून खाली बसायचा. म्हणून ती दहा मिनिटांची जादू! गाळ आला कुठून? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गाडी कित्येक महिने जवळजवळ रिकाम्या टाकीने उभी होती. पत्र्याची टाकी आतून गंजली. नंतरही मी कायम रिझर्व्हला आल्यावरच पेट्रोल भरणारा. दोष गाडीच्या वयाचा नव्हता, माझा होता. टाकी साफ करून घेतली, जाळी आणि फिल्टर नवे घातले. खर्च पहिल्या बिलाच्या निम्म्याहून कमी.

आता मुद्दा.

त्या रात्री जेवताना मोठ्या उत्साहाने सगळं सांगत होतो. सपाटीवर ठीक, चढावर दम, थांबलं की बरं... आणि घास हातातच राहिला. आई गेले सहा महिने नेमकं हेच सांगत होती. घरात वावरताना काही नाही, जिना चढला की धाप लागते, पायरीवर टेकलं की बरं वाटतं. आणि आम्ही सगळे काय म्हणत होतो? "आई, वय झालं आता."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, कधी होतं? रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.6. लोह कमी होतं. ते का कमी झालं याच्या पुढच्या तपासण्या झाल्या, कारण सापडलं, उपचार झाले. 74 वर्षांचं वय जिथल्या तिथेच आहे, धाप मात्र गेली.

माझं मत एवढंच आहे, की "वय झालं" हे निदान नाही. विचार थांबवायची ती एक सोयीची जागा आहे. गाडीच्या बाबतीत त्यापायी पैसे जातात. माणसाच्या बाबतीत काय जाऊ शकतं, ते त्या रिपोर्टकडे बघताना मला कळलं. नवा पार्ट टाकणं सोपं असतं, समजूत घालणं त्याहून सोपं. कधी होतं, कशाने वाढतं, कशाने थांबतं, एवढं शांतपणे विचारायला फक्त हातातला चहा खाली ठेवावा लागतो.

असो. या मे महिन्यात पुन्हा चिपळूणला जाऊन आलो. कुंभार्ली घाट दुसऱ्या-तिसऱ्यावर आरामात चढला. आई पुढच्या सीटवर होती. फणस दोन होते.